जुन्या ओमनीचा पुढचा बॉल जॉइंट घरीच कसा बदलायचा

आमची ओमनी २००६ ची. मागच्या पावसाळ्यानंतर डावं चाक खड्ड्यात गेलं की खालून 'टक' करून आवाज यायला लागला आणि मी शहाण्यासारखे आधी शॉकअप बदलून घेतले. पैसे गेले, आवाज तिथंच. दोष होता बॉल जॉइंटचा, म्हणजे चाकाला खालच्या आडव्या दांड्याशी (लोअर आर्मशी) जोडणाऱ्या गोळ्याच्या सांध्याचा. म्हणून सांगतो, पाना हातात घ्यायच्या आधी अर्धा तास नुसता तपासण्यात घालवा.

मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, पुढची दोन्ही चाकं उचला आणि गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी नाही. स्टँड गाडीखालच्या भक्कम मेंबरला (चौकटीच्या पट्टीला) लावा, पत्र्याला नको, आणि लोअर आर्मखालीही नको. ओमनीला पुढं मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) आहे, गाडीचं वजन स्प्रिंगमधून स्ट्रटवर येतं, बॉल जॉइंट फक्त नकलचं (चाक ज्यावर बसतं त्या भागाचं) खालचं टोक जागेवर धरून ठेवतो, त्यामुळे आर्मखाली टेकू दिलात तर जॉइंट दाबला जातो आणि प्ले (ढिलेपणा) दिसतच नाही.

आता चाक वर-खाली धरून हलवा, आणि दुसऱ्या कुणाला तरी जॉइंटवर बोट ठेवून बसवा, प्ले असेल तर बोटाला लगेच कळतं. मग त्यालाच ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं, तसाच राहिला तर जॉइंटवर संशय. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर लागणारा प्ले बहुतेक टायरॉड एंडचा (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा) असतो, तो वेगळा विषय. शेवटी आर्म आणि नकलच्या मध्ये टॉमी (लोखंडी कांब) घालून उचकटून बघा. माझ्या जॉइंटचा रबरी बूट एका बाजूनं फाटलेला, आत ग्रीसऐवजी लाल चिखल, आणि टॉमी लावली की बॉल चक्क वर-खाली नाचत होता. असा जॉइंट निघून आला तर चाक आडवं पडतं, त्यामुळे 'पुढच्या महिन्यात बघू' करू नका.

पार्ट घेताना नुसता जॉइंट मिळतो की पूर्ण लोअर आर्म ते विचारा. प्रेसमध्ये बसवायचा जॉइंट घरी हातोड्यानं ठोकून बसवण्यापेक्षा आख्खा आर्म घेतलेला परवडतो, आर्मच्या आतल्या टोकाचे रबरी बुशही नवे मिळतात. शक्यतो दोन्ही बाजूंचे घ्या.

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. ओमनीची ड्राइव्ह मागच्या चाकांना आहे, त्यामुळे मारुती ८०० सारखा पुढं एक्सल मध्ये येत नाही, तेवढं काम सोपं.

चाक काढलं की जॉइंटची दांडी नकलमध्ये कशी धरलीय ते वाकून बघा. पिंच बोल्ट (दांडी आवळून धरणारा आडवा बोल्ट) असेल तर तो नुसता ढिला करून उपयोग नाही, पूर्ण बाहेर काढा, कारण दांडीला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. खाचेचा नट आणि स्प्लिट पिन असेल तर पिन काढा, नट ढिला करा पण दोन-तीन आटे राहू द्या, नाहीतर सुटताना आर्म झटक्यानं खाली येतो. ही टेपरची (निमुळती) दांडी काही केल्या सुटत नाही, आणि इथंच सगळे दांडीच्या टोकावर हातोडा घालतात आणि आटे चेपून ठेवतात. दांडीवर मारायचं नाही, नकलच्या ज्या डोळ्यात ती बसलीय त्याच्या कडेवर मारायचं. एका बाजूला जड हातोडा टेकवून धरा, समोरून दुसऱ्यानं ठोका, माझा सातव्या-आठव्या घावाला 'ठक्' करून सुटला. पुलर असेल तर त्याचा ताण देऊन मग एक ठोका, अजून सोपं. हे सगळं करताना ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना तेवढं बघा.

मग आर्मचा आतल्या बाजूचा बोल्ट काढायचा, आर्मला अजून कुठला रॉड जोडलेला असेल तर तोही सोडवायचा, वॉशर कुठल्या क्रमानं होते त्याचा फोटो काढून ठेवा.

बसवताना नकलचं छिद्र स्वच्छ पुसून कोरडं करा, टेपरला ग्रीस लावायचं नाही. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (दिलेल्या जोराला) आवळा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट अजून थोडा आवळून जुळवा, उलटा ढिला करून नाही. पिन कायम नवीन. ग्रीस निपल असेल तर बूट जरासा फुगेपर्यंतच पंप मारा.

बुशचे बोल्ट आत्ता फक्त हातानं. चाकाखाली जाड फळ्या ठेवून गाडी खाली उतरवा, पुढून दोन-चारदा दाबून हलवा आणि वजन चाकांवर असतानाच ते बोल्ट शेवटचे आवळा. गाडी लटकलेली असताना आवळलेत तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मेकॅनिक लोकही घाईत हे सोडतात.

गल्लीत हळू एक चक्कर मारा, मग अलाइनमेंट करून घ्या, आणि शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट एकदा पान्यानं बघा. माझा एक बुशचा बोल्ट पाव फेरा गेला होता.