गाव उपाशी मरतंय ते बगमुळे की तुमच्यामुळे? मध्ययुगीन अर्ली ॲक्सेस गेम खेळताना या चुका टाळा

'मॅनर लॉर्ड्स' या गाव वसवायच्या गेममधलं माझं पहिलं गाव. सात घरं आखून झालेली, तोडलेले ओंडके जंगलात पडलेले आणि बैल खुंट्यापाशी निवांत उभा. अर्धा तास मी 'बग आहे, बग आहे', म्हणजे गेममध्येच बिघाड आहे, म्हणून चिडचिड केली. बग नव्हताच. सुरुवातीला मिळालेली पाचही कुटुंबं मी हौसेनं कामाला जुंपून टाकली होती. कुणी बेरी तोडायला, कुणी शिकारीला, कुणी सरपणाला. बैल हाकायला आणि घर बांधायला मोकळा माणूसच उरला नव्हता.

या प्रकारच्या गेममध्ये डोकं खातो तो हाच प्रश्न. अर्ली ॲक्सेस म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला काढलेला गेम. तो अर्धवट आहे हे माहीत असल्यामुळे काहीही बिघडलं की आपण गेमला शिव्या घालतो. आणि खरोखर गेमचं चुकलेलं असतं तेव्हा आपलंच काहीतरी राहिलं असेल म्हणून तीन तास फुकट घालवतो. म्हणून इथे दोन्हीकडच्या चुका एकत्रच घेतल्या आहेत.

विकत घेतानाच होणारी चूक

अर्ली ॲक्सेस म्हणजे नेमकं किती दिवस, याला काही नेम नाही. 'मेडिएव्हल डायनेस्टी' सप्टेंबर 2020 मध्ये आला आणि वर्षभरात पूर्ण झाला. 'फाउंडेशन' 2019 मध्ये आला, त्याची पूर्ण आवृत्ती यायला 2025 उजाडलं. त्यामुळे 'पुढे किल्ले येणार, घोडे येणार' असल्या यादीवर भाळून पैसे टाकू नका. आज जे आहे तेवढंच आणि आहे तसंच खेळायला आवडेल का, एवढं बघा.

स्टीम या ऑनलाइन गेम दुकानातून परतावा हवा असेल तर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळून मागावा लागतो. मेनूवर गेम उघडा ठेवून जेवायला गेलात तर तो वेळही त्यात धरला जातो. या गेममध्ये 2 तास तर नकाशा न्याहाळण्यात आणि पहिली झोपडी उभारण्यातच जातात. म्हणून पहिल्या बैठकीत गाव सजवत बसू नका. गेम आपल्या मशीनवर नीट चालतो का, कॅमेरा आणि बटणं हाताला बसतात का, ते आधी तपासा.

माणसं कमी, हौस फार

नवख्यांची गावं बहुतेक याच कारणानं बसतात. इमारत उभी राहिली की काम सुरू झालं, असं आपण धरून चालतो. पण इमारत म्हणजे रिकामी जागा. तिला माणूस लागतो, माणसाला हत्यार लागतं आणि तयार झालेला माल उचलून न्यायला आणखी कुणीतरी लागतं.

'मॅनर लॉर्ड्स'मध्ये दोन-तीन कुटुंबं कायम मोकळी ठेवा. बांधकाम तीच करतात, बैलही बहुतेक तीच हाकतात. एक बैल एका वेळी एकच ओंडका ओढतो, त्यामुळे सात घरं एकदम आखली तरी ती सावकाशच होणार. मग सगळी अर्धवट राहून कुणाच्याच डोक्यावर छप्पर येत नाही. दोनच आखा, ती पूर्ण होऊ द्या, मग पुढची. हातात थोडे पैसे आले की आधी दुसरा बैल घ्या. चर्च वगैरे नंतर.

सरपणाचा घोळ तर ठरलेला. लाकूडतोड छावणीत पडतात ते बांधकामाचे ओंडके. चुलीतलं सरपण वेगळ्या झोपडीतून येतं, आणि ती झोपडी आपली झाडं आपणच तोडते. ओंडक्यांचा ढीग बघून 'सरपण भरपूर आहे' असं समजणारे हिवाळ्यात गाव गारठवून घेतात. हिवाळ्यात सरपण दुप्पट जळतं आणि झुडपांवर बेरी नसतात. शरद ऋतू लागायच्या आधी कोठारात नजर टाका. 'अजून पुष्कळ आहे' असं वाटत असेल तर बहुतेक पुरणार नाही.

'मेडिएव्हल डायनेस्टी'मध्ये हाच प्रकार दुसऱ्या वेषात भेटतो. लाकडाच्या कोठीवर माणूस नेमला, तरी सरपण शून्य. व्यवस्थापनाच्या पानावर जाऊन बघा. कशावर किती टक्के मेहनत घालायची ते ठरवलेलंच नसतं, आकडा शून्यावर असतो. तो भरलेला असेल तर वखारीत कुऱ्हाडी आहेत का बघा. कुऱ्हाडी झिजून संपतात आणि नवी नसली की माणूस हात बांधून बसतो. शिवाय इथे मूळ सेटिंगमध्ये एक ऋतू तीनच दिवसांचा. हरणामागे दोन दिवस हिंडलात की पेरणीचा हंगाम गेला. ऋतू लागला की पहिली सकाळ शेतावर घालवायची, हा माझा नेम. खत, कुदळ, बियाणं. शिकार दुपारनंतर.

छप्पर का कोसळतं

'व्हॅलहाइम' खेळणाऱ्याचं पहिलं मोठं घर एकदा तरी डोक्यावर येतंच. हातोडा हातात धरून तुळईकडे बघा, ती रंग बदलते. जमिनीला टेकलेला भाग निळा दिसतो. तिथून जसजसं लांब जाल तसा हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी लाल. लालच्या पुढे काही जोडलं की तुटतं. यावर जाड भिंत हा उपाय नाही. आढ्याखाली जमिनीपर्यंत सलग खांब हवा. गाभ्याच्या लाकडाचा खांब साध्या लाकडापेक्षा उंच तग धरतो, म्हणून मधला खांब त्याचाच घ्या.

घरात शेकोटी पेटवून दारं लावलीत तर धूर कोंडतो आणि तुमचा जीव खातो. म्हणून आढ्याला भोक पाडलं तर पावसानं शेकोटी विझते. वर उघडी फट आणि तिच्यावर थोडं उंच दुसरं छोटं छप्पर, असं जुन्या घरांसारखं धुराडं करा. उघड्यावरचं लाकूड पावसात अर्ध्यापर्यंत झिजतं, त्याखाली जात नाही. ते पाहून घाबरून सगळं पाडू नका.

'गोइंग मेडिएव्हल'मध्ये उलटी दिशा धरा. धान्य माडीवर नको, तळघरात हवं. जमिनीखाली गारवा टिकतो आणि अन्न सडायला वेळ लागतो. मात्र आधार न ठेवता फार रुंद खणलंत तर वरचं खाली येईल.

अपडेट आला की आधी सेव्ह वाचवा

एका गेमचा मोठा अपडेट मी रात्री झोपताना लावून ठेवला. सकाळी चाळीस तासांचं गाव उघडलं तर गावकरी होते, पण घरांना दारंच नव्हती. सगळे बाहेर उभे. अर्धवट गेममध्ये असं व्हायचंच. पण माझ्याकडे जुन्या सेव्हची, म्हणजे खेळ साठवलेल्या फाइलची, प्रत नव्हती, ती चूक माझी.

विंडोजवर बऱ्याच गेमचे सेव्ह ॲपडेटा फोल्डरच्या पोटात असतात. 'लोकल' किंवा 'लोकललो' उघडा, गेमच्या किंवा स्टुडिओच्या नावाचं फोल्डर दिसेल. ते उचलून दुसरीकडे ठेवा आणि नावात तारीख घाला. स्टीम क्लाउडला, म्हणजे स्टीमच्या ऑनलाइन साठवणीला, बॅकअप समजू नका. बिघडलेली फाइलही ते तितक्याच इमानदारीनं वर चढवतं. 'व्हॅलहाइम'मध्ये पात्र आणि जग यांच्या फाइल वेगळ्या असतात. एकच कॉपी केलीत तर नव्या मशीनवर योद्धा येईल, गाव मागेच राहील.

मॉड, म्हणजे इतरांनी बनवलेल्या जोडण्या, वापरत असाल तर अपडेटआधी सगळे काढा. नंतर एकेक परत लावा, म्हणजे कोण भांडतोय ते कळतं. चाचणीसाठीच्या बीटा आवृत्तीवर उडी मारण्याआधीही प्रत ठेवा. नव्या आवृत्तीत केलेला सेव्ह जुनीत उघडेलच याचा भरवसा नाही. गेम सुरूच होत नसेल तर पुन्हा डाउनलोड करायच्या आधी स्टीममध्ये गेमच्या गुणधर्मांतून फाइल तपासून घ्या. बहुतेक वेळा एखादी खराब फाइल बदलून काम भागतं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी आधी सांगत नाही. 'व्हॅलहाइम'सारख्या गेममध्ये नवा प्रदेश नकाशाच्या न पाहिलेल्या भागातच उगवतो. जग आधीच कोपरान् कोपरा पालथं घातलं असेल तर अपडेटनंतर नवं काही दिसत नाही आणि आपण गेम बिघडला म्हणून बसतो. थोडं जग राखून ठेवा, किंवा नवं सुरू करा.

जुने व्हिडिओ

व्हिडिओ बघताना आधी त्याची तारीख बघा, मग सल्ला ऐका. 'मॅनर लॉर्ड्स' 26 एप्रिल 2024 ला आला तेव्हा शिकारी किंवा लाकूडतोड्याही बाजारात स्वतःचा गाळा मांडायचा. नंतरच्या अपडेटमध्ये ते काम कोठार आणि वखारीतल्या माणसांकडे गेलं. जुना व्हिडिओ बघून बाजार भरायची वाट बघत बसाल तर बसूनच राहाल.

बग ओळखायचा कसा

अडलेल्या माणसावर क्लिक करा. तो काय करतोय हे गेम बहुतेक वेळा लिहून दाखवतो. 'वाट बघतोय' असेल तर माल, हत्यार किंवा माणूस कमी आहे, म्हणजे चूक तुमची. 'जातोय' असं लिहिलेलं असून तो एकाच कुंपणाला धडका देत असेल तर चूक गेमची. कुंपण पाडा, सेव्ह करून पुन्हा उघडा. बऱ्याचदा सुटतो.

गाव मोठं झाल्यावर गेम रखडू लागला की रिझोल्यूशन कमी करण्याआधी पॉज दाबून बघा. दर सेकंदाच्या फ्रेम एकदम वाढल्या तर भार गावकऱ्यांच्या हालचालींचा आहे, चित्रांचा नाही. मग ग्राफिक्स कितीही उतरवा, उपयोग नाही. गेमचा वेग एकवर आणा.

एवढं करूनही बगच वाटला तर स्टुडिओला कळवा. आवृत्तीचा क्रमांक, सेव्ह फाइल आणि 'हे केलं की असं होतं' अशा दोन ओळी पुरतात. नुसतं 'गेम भंगार आहे' लिहून कुणाचा बैल हलत नाही. माझे निम्मे अहवाल तर मी पाठवलेच नाहीत. पायऱ्या लिहिता लिहिता तिसऱ्या पायरीलाच लक्षात यायचं, की फाटक मीच रस्त्यावर बांधलंय.