टँक वॅगनच्या आवरणाची अग्निचाचणी: या चुका टाळा

१९७३ साली अमेरिकेत ॲरिझोनातल्या किंगमन गावी प्रोपेनची रेल्वे टँक वॅगन आगीत फुटली आणि अग्निशमन दलाचे ११ जवान गेले. अशा वॅगनींच्या उष्णतारोधक आवरणासाठी आज तिथे कडक चाचणी आहे. आवरण चढवलेल्या १६ मिमी जाड पोलादी प्लेटवर आग सोडायची आणि प्लेटच्या मागचे नऊ थर्मोकपल (तापमान मोजणारे तारांचे जोड) बघत बसायचं. सांडलेल्या इंधनाच्या आगीत १०० मिनिटं, झोताच्या ज्वाळेत ३० मिनिटं. एकानेही ४२७ अंश सेल्सियस ओलांडले, की नापास.

सगळ्यात महागात पडते ती घाई: आग न तपासताच आवरण तपासायला घेणं. आधी उघडी प्लेट जाळा. सुमारे ८७१ अंशांच्या आगीत किमान दोन थर्मोकपल १२ ते १४ मिनिटांत ४२७ ला पोचायला हवेत. नवव्या मिनिटालाच पोचले तर आग फार प्रखर आहे, चांगलं आवरणही हकनाक नापास होईल. अठरा मिनिटं लागली तर मामला जास्त गंभीर, कारण कच्चं आवरण पास होऊन रुळांवर जाईल. बर्नरचं अंतर, इंधनाचा दाब, वारा, सगळं पुन्हा बघा.

झोताच्या चाचणीत उघड्या प्लेटला ४२७ ला पोचायला साधारण चार मिनिटं मिळतात. इथे १२०४ अंश गाठले म्हणून लोक खूश होतात आणि वेग मोजायचा राहतो. ज्वाळा ताशी सुमारे ६४ किमी वेगाने आदळली पाहिजे; आवरण उखडतं ते त्या माऱ्याने.

नऊ आकड्यांची सरासरी काढू नका. एकच थर्मोकपल चढत असेल तर बहुधा त्याच्या समोर आवरणाचा सांधा उघडा पडलाय. उलट एखादा आकडा मध्येच घसरला तर आनंद नको, थर्मोकपल प्लेटपासून सुटला असेल.

मागच्या चाचणीची प्लेट गरम असतानाच पुढची सुरू करू नका. सुरुवातीला ती ३८ अंशांच्या आत हवी. एकदा पास झाल्यावर सामान आवरायलाही घेऊ नका. सांडलेल्या इंधनाच्या आगीत लागोपाठ तीनदा, झोतात दोनदा यश लागतं.

आणि माल थंड ठेवणारा फोम आगीतही टिकेल, हे गृहीत धरू नका. आग थोपवण्याचं काम वेगळं.