हाताचा टाका, मशीनचा टाका: कापडावर चित्र करायला बसताना

भरतकामाची चित्रं करायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा मला पहिला प्रश्न हाच असतो, की हातानं करू की मशीनवर? माझं उत्तर ठरलेलं आहे. दोन्ही वापरा, पण कुठलं काम कोणाचं हे कापड रिंगमध्ये घालायच्या आधी ठरवा. मशीन जमीन तयार करतं: गवत, दगड, पाणी, सावली, जिथं रेघांवर रेघा चढवून रंग दाट करायचा असतो ते सगळं. जिथं नजर थांबावी असं वाटतं, तिथं हाताचा टाका घाला. हौसेनं गेली कित्येक वर्षं हे काम करते आहे आणि एवढी एक गोष्ट नीट ठरली की बाकीचं शिकता येतं, असा माझा अनुभव आहे.

टाक्यांची धास्ती घेऊ नका. आपल्याकडे शाळेत किंवा आई-आत्यांकडून धावदोरा, उलटी टीप, साखळी, गहू टाका, काज टाका एवढं बऱ्याच जणींनी शिकलेलं असतं. घरातल्या लग्नाच्या रुखवतात मांडलेली भरतकामाची तसबीरही पाहिलेली असते. तेवढं भांडवल पुष्कळ आहे. माझी बहुतेक चित्रं धावदोरा, उलटी टीप, साखळी आणि गाठीचा टाका या चारांतच होतात. नवा टाका शिकावा तो चित्राला गरज पडली म्हणून. चाळीस टाक्यांचा नमुना-रुमाल करून कपाटात ठेवण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही.

सामानाचं थोडक्यात सांगते. कापड सुती आणि घट्ट विणीचं घ्या: मांजरपाट, केसमेंट किंवा जरा जाड खादी. ते आधी पाण्यातून काढून वाळवून इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, मशीनचा पॉलिस्टर दोरा आटत नाही, आणि मग सगळ्या चित्राला चुण्या पडतात. हातकामाच्या दोऱ्याची लडी आठ मीटरची असते आणि तिच्यात सहा पदर असतात. हवे तेवढे पदर एकेक करून सुटे काढा आणि पुन्हा जुळवून ओवा. एकदम ओढले तर गुंता होतो. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत दोरा पुरे, त्याहून लांब घेतला की कापडातून जाऊन जाऊन पिंजतो. लाल, काळा आणि गडद निळा दोरा ओल्या पांढऱ्या चिंधीवर दाबून रंग सुटतो का ते बघा. लाकडी रिंगच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली की कापड सरकत नाही. पुण्यात रविवार पेठ आणि तुळशीबाग, मुंबईत कापडासाठी मंगलदास मार्केट, एवढ्यात सगळं मिळतं.

आता मशीन. यासाठी खास भरतकामाचं मशीन लागत नाही, घरचं साधी टीप मारणारं मशीन चालतं, पायाचं असलं तरी. शिवताना सुईखालचे दाते कापड पुढं सरकवतात. ते दाते खाली पाडले, किंवा जुन्या मशीनवर पट्टी लावून झाकले, की कापड पूर्णपणे तुमच्या हातात येतं. मग टाका किती लांब पडायचा हे मशीनचा वेग आणि हाताचा वेग मिळून ठरवतात. मशीन जोरात आणि हात संथ असेल तर बारीक, दाट टाके पडतात. मशीन संथ आणि हात घाईत असेल तर लांब, सैल टाके पडतात आणि सुई कापडात असताना झटका बसला तर ती मोडतेही. म्हणून मशीन एका लयीत चालू ठेवायचं आणि बदल हातानं करायचा. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, तो द्या.

काही गोष्टी सुरुवातीलाच पक्क्या कराव्यात. हातकामात कापड रिंगच्या वरच्या बाजूला ताणलेलं असतं. मशीनसाठी रिंग उलटी धरायची, म्हणजे कापड मशीनच्या पाट्याला टेकतं. ताण असा हवा की टिचकी मारली तर डफासारखा आवाज यावा. फूट म्हणजे सुईभोवती कापड दाबून धरणारा मशीनचा पाय. रफूचा फूट मिळाला तर तोच लावा. अनेक जुने कारागीर फूट काढूनच काम करतात, पण नवख्यानं तसं करू नये, कारण फूट कापडाला सुईबरोबर वर उचलू देत नाही आणि बोटंही सुईपासून लांब राहतात. फूट असो वा नसो, त्याचा दांडा खाली पाडायलाच हवा, नाहीतर वरच्या दोऱ्याला ताण राहत नाही आणि खाली दोऱ्याचं जंजाळ होतं. सुरू करताना बॉबिनचा, म्हणजे मशीनच्या खालच्या रिळाचा, दोरा वर ओढून घ्या, दोन्ही टोकं बोटांत धरून दोन-चार टाके जागच्या जागी मारा आणि मग पुढं निघा. बॉबिनचा रंग वर दिसायला लागला तर वरचा ताण जरा सैल करा. सुती कापडाला 14 नंबरची सुई बरी, आणि सुई कापडात शिरताना टकटक ऐकू यायला लागली की ती बदलायची वेळ झाली.

दाट टाके कापडाला आत खेचतात, म्हणून खाली अस्तर हवं. कागदासारखं नॉनवोव्हन अस्तर दुकानात मिळतं. चित्राच्या चारी बाजूंनी निदान चार बोटं कापड जास्त सोडा.

सरावासाठी मी सगळ्यांना स्वतःचं नाव मशीनच्या टाक्यात लिहायला सांगते. शिरोरेषेत सरळ रेघ घोटली जाते, तर क, व, ळ यांच्या पोटांत वळणं. नाव न अडखळता लिहिता आलं की पान काढता येतं, डोंगराची धारही काढता येते.

संगणकावर चालणाऱ्या भरतकामाच्या मशीनबद्दलही विचारलं जातं. त्यात आकृती आधी संगणकात टाक्यांमध्ये बसवावी लागते, मग मशीन ती स्वतः भरतं. नवशिके घेतात त्या साध्या मशीनची चौकट साधारण 100 बाय 100 मिलिमीटरची असते. एकच नक्षी पन्नास पिशव्यांवर हवी असेल तर उत्तम. एकच चित्र करायचं असेल तर तो पैसा मी चांगल्या दोऱ्यांवर खर्च करेन.

आता कामाची पद्धत एका चित्रावरून सांगते, कारण क्रम समजणं सर्वांत महत्त्वाचं. विषय साताऱ्याजवळचं कास पठार. 2012 साली पश्चिम घाटाच्या इतर भागांबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत आलं. जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, आणि पावसाळ्याच्या शेवटी त्या थरावर फुलांचे गालिचे. पहिल्यांदा मी जुन्या सुती साडीचे विटकरी-तपकिरी तुकडे कापून जांभ्याच्या जागी धावदोऱ्यानं टाचते. कडा दुमडत नाही, सुटलेले धागे दगडाच्या खरबरीतपणाला मदत करतात. दुसऱ्यांदा मशीन: दगडावर आडव्या-तिरक्या रेघा, आणि गवतासाठी खालून वर, वरून खाली अशा रेघा, आधी गडद हिरव्या आणि त्यावर पिवळसर. लांबचं गवत आखूड आणि आडवं, जवळचं लांब आणि उभं. आकाश भरायचं नाही, कोरं कापडच आकाश. नवीन लोक आकाश निळ्या टाक्यांनी भरतात आणि चित्राचा श्वास कोंडतो.

तिसऱ्यांदा हात, आणि इथं माझा जीव सर्वांत रमतो. गेंदाची फुलं म्हणजे बारीक देठावरची पांढरी गोल बोंडं. गाठीचा टाका जणू त्यांच्यासाठीच घडला आहे. जवळची बोंडं सहा पदरी दोऱ्याची, मधली तीन पदरी आणि मागची एकाच पदराची. आणखी मागं गाठही नको, पांढरा ठिपक्याएवढा टाका पुरे. पदरांच्या हिशेबावरच अंतर दिसायला लागतं, रंग बदलावा लागत नाही. सीतेची आसवं जांभळट निळी असतात. ती सुटी फुलं म्हणून काढत बसू नका, लांबून ती रंगाची झाक म्हणूनच दिसतात. आखूड टाके वेगवेगळ्या दिशांनी घाला, आणि सुईत एक जांभळा व एक निळा असे दोन पदर एकत्र ओवा. दुकानात न मिळणारा रंग असाच मिळतो. सोनकीचा पिवळा मात्र जपून, तो जरा जास्त झाला की बाकी सगळं गिळून टाकतो.

हा क्रम उलटा करू नये. आधी गाठी घातल्या तर मशीनचा फूट त्यांत अडकतो आणि रिंग त्यांना चेपते.

जुनं काम बघायची सवय लावून घ्या, आणि जमेल तिथं मागची बाजू बघा. कर्नाटकातल्या धारवाडच्या कसुती भरतकामात गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी असे चारच टाके. त्यातला गवंती कापडाचे धागे मोजत जातो आणि गाळलेल्या जागा भरत परत येतो, म्हणून दोन्हीकडून सारखा दिसतो. मर्यादेत राहून किती सांगता येतं, हे कसुतीइतकं स्पष्ट मला दुसरीकडे दिसलं नाही. भुजजवळ अजरखपूरला 2016 साली सुरू झालेल्या एलएलडीसी (लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर) या संग्रहालयात कच्छच्या वेगवेगळ्या समाजांचं भरतकाम बघायला मिळतं, एकदा तरी जावं. आणि घरची जुनी गोधडी उन्हात तिरकी धरून बघा. नुसत्या धावदोऱ्यानं कापडाला जे चढउतार येतात ते कुठल्याच मशीनला साधत नाहीत. बंजारा किंवा रबारी भरतकामातून शिकावं, पण त्यांची नक्षी जशीच्या तशी उचलून आपल्या नावानं विकू नये, हे माझं ठाम मत आहे.

रंग दिवसाउजेडी निवडा, ट्यूबच्या प्रकाशात हिरवे-निळे फसवतात. बैठक मोडून अधूनमधून उठा, मानेला जपा. रात्री काम थांबवताना कापड रिंगमधून काढून ठेवा, नाहीतर कड्याचा वळ जाता जात नाही.

पूर्ण झालेलं चित्र जाड टॉवेलवर पालथं ठेवून मागून इस्त्री करा, म्हणजे गाठी चेपत नाहीत. लाकडी चौकटीवर ताणून बसवा, गोंद लावू नका, तो काही वर्षांनी पिवळा पडून वर येतो. काच लावायची तर ती टाक्यांना टेकू नये म्हणून मध्ये पट्टीचं अंतर ठेवायला सांगा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर हे अंतर हवंच, दमट हवेत काचेला चिकटलेल्या कापडावर बुरशी धरते. चौकट बंद करण्याआधी मागच्या कापडावर पेन्सिलीनं आपलं नाव, वर्ष, कापडाचा प्रकार आणि वापरलेल्या दोऱ्यांचे नंबर लिहून ठेवा. पुढं एखादा टाका उसवला तर दुरुस्त करणाऱ्याला तेच नंबर लागतील.