चेक लिहिताना या चुका टाळा

4 ऑक्टोबर 2025पासून चेकचं क्लिअरिंग दिवसभर सुरू असतं. सकाळी भरलेला चेक बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत वटतो. पूर्वी चूक ध्यानात आली तर स्टॉप पेमेंट, म्हणजे चेक वटवू नका अशी बँकेला सूचना, द्यायला निदान एक दिवस मिळायचा, तो आता मिळत नाही. म्हणून काळजी चेक हातातून सुटण्याआधीच घ्यायची.

मी मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. एकदा गणपतीला कोकणात निघताना अध्यक्ष म्हणाले, "दोन चेकवर सही करून ठेवतो, वॉचमनचा पगार अडायला नको." मीही मान डोलावली. ते परत आले तेव्हा चेकबुकात एक पान कमी. स्टॉप पेमेंट दिलं म्हणून पैसे वाचले, पण ते पान कुठे गेलं ते आजवर कळलेलं नाही. कोऱ्या चेकवर सही कधीही करू नका, माणूस कितीही विश्वासाचा असो.

दुसरी चूक मोकळ्या जागेची. 6,000च्या आधी बोटभर जागा सुटली की तिथे ‘1,0’ बसतं आणि आकडा 1,06,000 होतो. अक्षरांत ‘सहा हजार’च्या आधी ‘एक लाख’ लिहिलं की काम झालं. तेव्हा ओळ अगदी डाव्या कडेपासून सुरू करा, पुढे ‘फक्त’ लिहा आणि उरलेल्या जागेवर रेघ ओढा. अकाउंट पेयी क्रॉसिंग तर हवंच, म्हणजे कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा आणि ‘A/c Payee’, मग पैसे फक्त त्या नावाच्या खात्यातच जातात.

पेन मात्र स्वतःचंच वापरा. लोन मिळवून देतो म्हणून घरी येणारा माणूस कॅन्सल चेक (खात्याच्या माहितीसाठी दिलेला, ‘कॅन्सल्ड’ लिहिलेला चेक) मागतो आणि सहज आपलं पेन पुढे करतो. काही शाई उष्णता लागली की उडते, ‘कॅन्सल्ड’ हा शब्दसुद्धा! सही तुमच्या पेनाने केलेली असेल तर तेवढी शिल्लक राहते आणि त्याच्या हाती सही केलेला कोरा चेक लागतो. मुळात कॅन्सल चेकवर सहीची गरजच नसते.

मेंटेनन्सचा चेक पेटीत टाकताना सोसायटीचं पूर्ण नाव लिहा, पुढे खाते क्रमांक घाला. बँकेत काउंटरवर चेक दिलात तर पोच मागा, ती नाकारता येत नाही.

50,000 आणि त्यावरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे, म्हणजे चेकचे तपशील बँकेला आधीच कळवून ठेवायची सोय, 1 जानेवारी 2021पासून आहे. चेक देताच नंबर, तारीख, नाव, रक्कम ॲपवर भरा. पाच मिनिटांचं काम आहे, तरी आमच्याच इमारतीत कितीजण ते टाळतात.

तरीही न दिलेल्या चेकचा मेसेज आलाच तर आधी ॲपवरून उरलेली पानं थांबवा. मग शाखेत लेखी तक्रार देऊन शिक्क्याची प्रत घ्या आणि पोलीस ठाणे गाठा. क्लिअरिंगमध्ये फक्त चेकचा फोटो फिरतो, कागद तो जिथे भरला त्या बँकेतच राहतो. खाडाखोड झाली असेल तर ती त्या कागदावर दिसेल, म्हणून मूळ चेक मागवून तपासा असं तक्रारीत स्पष्ट लिहा. 30 दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही.