अ‍ॅटोसेकंदाच्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

अ‍ॅटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भाग. या विषयात पीएचडीला आले तेव्हा वाटायचं, अणूतून इलेक्ट्रॉन केव्हा आणि किती ऊर्जेने बाहेर पडेल हे आपण प्रकाशाने ठरवणार, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स पक्कं असलं की झालं. ते लागतंच. पण माझं पहिलं वर्ष खर्ची पडलं ते उपकरणांची थरथर शोधण्यात. म्हणून या विषयात येऊ पाहणाऱ्यांना मी आधी तेच सांगते.

आमच्या प्रयोगात 800 नॅनोमीटरचा अवरक्त लेझर आर्गॉन वायूत केंद्रित करतात. त्यातून अतिनील हार्मोनिक, म्हणजे मूळ लेझरच्या वारंवारतेच्या पटीतले प्रकाश, निघतात, फक्त विषम क्रमांकांचे. 1987 मध्ये अ‍ॅन लुइलिए आणि सहकाऱ्यांना ते दिसले. हे हार्मोनिक दुसऱ्या वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढतात. आता त्याच वेळी थोडा अवरक्त प्रकाशही सोडला, तर दोन हार्मोनिकांच्या मधल्या ऊर्जेवर नवे इलेक्ट्रॉन दिसू लागतात. यालाच साइडबँड म्हणतात. तिथे पोहोचायच्या वाटा दोन: खालचा हार्मोनिक अधिक एक अवरक्त फोटॉन, किंवा वरचा हार्मोनिक वजा एक. कोणता इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने आला हे कळायचा मार्ग नाही, म्हणून दोन्ही वाटांचं व्यतिकरण होतं. दोन प्रकाशांमधला डिले, म्हणजे वेळेचं अंतर, बदला, साइडबँडमधले इलेक्ट्रॉन वाढतात, घटतात, पुन्हा वाढतात. नियंत्रण म्हणतात ते हेच, आणि मला ते आजही फार सुंदर वाटतं. 2001 मध्ये पिएर अगोस्तिनींच्या गटाने अशाच साइडबँडवरून 250 अ‍ॅटोसेकंदांच्या स्पंदांची माळ मोजून दाखवली.

आता मेख कुठे आहे ते पाहा. साइडबँडचं एक आंदोलन 1.33 फेमटोसेकंदांचं (एक फेमटोसेकंद म्हणजे 1000 अ‍ॅटोसेकंद). तेवढ्या वेळात प्रकाश 400 नॅनोमीटर जातो. प्रकाश आरशापर्यंत जाऊन परत येतो, म्हणून डिले बदलणारा आरसा 200 नॅनोमीटर सरकला की एक पूर्ण आंदोलन संपलं. आरसा 100 नॅनोमीटरनेच थरथरत असेल, तर शिखरं आणि दऱ्या एकमेकांत मिसळून सपाट रेघ उरते.

माझ्याकडे तीन आठवडे ती सपाट रेघच होती. हार्मोनिक क्षीण पडत असतील असं समजून मी अवरक्ताची तीव्रता वाढवत गेले. त्याने उलट नुसत्या अवरक्तानेच सुटणारे नको असलेले इलेक्ट्रॉन वाढले. शेवटी एका सीनियरच्या सांगण्यावरून त्याच आरशांवरून साधा सततचा लेझर पाठवला आणि व्यतिकरणाचे पट्टे कॅमेऱ्यावर पाहिले. पट्टे नाचत होते. लेझर थंड ठेवणाऱ्या चिलरची पाण्याची नळी ऑप्टिकल टेबलाच्या कडेला टेकलेली होती. ती बाजूला केली आणि त्याच संध्याकाळी साइडबँड आंदोलताना दिसला.

तेव्हापासून अणूकडे जाण्याआधी पट्टे पाहायचे, हा माझा रोजचा क्रम आहे.

सुरक्षेबद्दल एकच, पण नीट लक्षात ठेवा: 800 नॅनोमीटरचा किरण डोळ्याला जेमतेम फिका लाल दिसतो, त्यामुळे तो धोकादायक वाटतच नाही. सुरक्षा चष्मा लावणं, आणि हातातली अंगठी-घड्याळ काढणं, यात सूट नाही.

वाचायला सुरुवात निऑनवरच्या शोधनिबंधांपासून करा. 2010 मध्ये 2s आणि 2p कक्षांतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांत 21 अ‍ॅटोसेकंदांचा फरक मोजला गेला. सिद्धांताचं उत्तर त्याहून बरंच कमी येत होतं. 2017 मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या गटाने जवळच्याच ऊर्जेचे, दुसऱ्या प्रक्रियेतले इलेक्ट्रॉन वेगळे काढले आणि आकडे जुळले. वेळ मोजायचा तर ऊर्जाही बारीक वेगळी करता यायला हवी, हे मला या दोन शोधनिबंधांतून जितकं कळलं तितकं कुठल्याच पाठ्यपुस्तकातून कळलं नाही.

आणि गट निवडताना लेझर किती शक्तीचा आहे हे नंतर विचारा. डिले किती अ‍ॅटोसेकंदांपर्यंत स्थिर राहतो आणि किती तास तसा टिकतो, हे आधी विचारा.