नेपोलियनिक कॅम्पेन डे भरवताय? मग या चुका टाळा

कॅम्पेन डे म्हणजे नेपोलियनच्या काळातली एखादी मोहीम छोट्या शिपायांनी आणि फाशांनी टेबलांवर दिवसभर खेळायची. दहाला सुरू व्हायचा खेळ सव्वाबाराला सुरू झाला, पाचला हॉल रिकामा करून द्यायचा होता, आणि ज्याच्याकडे जनरल ब्यूलोचं प्रशियन कोअर, म्हणजे सैन्याचा एक मोठा विभाग, दिलं होतं तो माणूस दोन तास गाडी चालवून आला होता, त्याला साडेतीनपर्यंत एकदाही फासे टाकायला मिळाले नाहीत. जाताना तो काही बोलला नाही, आपले शिपाई एकेक करून फोममध्ये ठेवले आणि निघाला. मी भरवलेल्या पहिल्या मोठ्या खेळातली ही गोष्ट, चौदा खेळाडू, १८१५ ची बेल्जियमची म्हणजे वॉटर्लूची मोहीम, एका बाजूला नेपोलियनचे फ्रेंच, दुसऱ्या बाजूला वेलिंग्टनचे इंग्रज आणि ब्लूखरचे प्रशियन, इकडे इंग्लंडमध्ये एका गावच्या हॉलमध्ये. त्याचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. फिगर्स जमतात, टेबलं जमतात, माणसंही जमतात, कमी पडतो तो वेळ, आणि खाली लिहिलेल्या जवळपास सगळ्या चुका शेवटी वेळेवरच येऊन आदळतात.

आधी हिशोब करा, कागदावर

दहा ते पाच म्हणजे सात तास वाटतात, पण मांडामांडीचा अर्धा तास, जेवणाचा पाऊण तास आणि आवरायचा एक तास काढला की उरतात पावणेपाच तास. चौदा जण असले की एक टर्न अर्ध्या तासाच्या आत संपत नाही, म्हणजे दिवसभरात नऊ, फार तर दहा टर्न. आता तुमच्या रूल्समध्ये पायदळ एका टर्नला सहा इंच चालत असेल आणि दोन्ही सैन्यं चार फुटांवर उभी केली असतील तर नुसतं बंदुकीच्या टप्प्यात यायलाच तीन-चार टर्न गेले, म्हणजे जेवायची वेळ झाली आणि अजून एक गोळी सुटलेली नाही. सैन्यं जवळ मांडा, पहिल्या टर्नला तोफा बोलल्या पाहिजेत.

तसंच प्रत्येकाला किती पलटणी द्यायच्या हेही आधीच ठरवा. हौस अशी असते की कपाटातलं सगळं टेबलावर आलं पाहिजे, आणि मग एकेकाच्या वाट्याला वीस पलटणी, चार घोडदळाच्या रेजिमेंट आणि वर तोफखाना येतो. सगळ्यात सावकाश खेळणारा माणूस सगळ्यांचा वेग ठरवतो. माणशी सहा ते आठ पलटणी पुरतात, आणि नवख्याला तर एकच ब्रिगेड द्या आणि शेजारी जुना खेळाडू बसवा.

नकाशावरच्या चाली त्या दिवशी करू नका. आम्ही सकाळी नकाशा पसरून चार्लरॉयजवळ सांब्र नदी कोण कुठे ओलांडतंय यावरच दीड तास घालवला. आता नकाशाचा भाग आधीच्या दोन आठवड्यांत व्हॉट्सॲपवर उरकतो, दोन्ही बाजूंचे वेगळे ग्रुप, दोन्हीकडे फक्त अंपायर, म्हणजे खेळ चालवणारा पंच. शुक्रवारी रात्रीपर्यंत कोण कुठे पोचलंय हे पक्कं होतं आणि त्यावरून शनिवारची टेबलं लागतात.

कुणालाही रिकामं बसवू नका

वॉटर्लूच्या मोहिमेत हा धोका मुळातच आहे. नेपोलियनचा मार्शल ग्रूशी जवळपास ३३ हजार माणसं घेऊन प्रशियनांच्या मागावर गेला आणि १८ जूनला वॉटर्लूवर तोफा धडाडत असताना वाव्रला लढत होता, ब्यूलोचं कोअर दुपारी उशिरा वॉटर्लूच्या रणांगणावरच्या प्लांसनुआ गावाकडे आलं. इतिहास म्हणून हे अचूक, पण सुट्टीच्या दिवशी घरून आलेल्या माणसाला 'तू संध्याकाळी येशील' असं सांगणं हा अन्याय आहे. यावर उपाय आहे. उशिरा येणाऱ्या सेनापतीला सकाळी दुसरं काहीतरी लढायला द्या, वाव्रचं छोटं टेबल लावा, नाहीतर वॉटर्लूवरच्या हूगोमों वाडीच्या बागेतली एखादी ब्रिगेड त्याच्या हाती द्या, त्याचं खरं कोअर आलं की ती दुसऱ्याकडे जाईल. आणि एखादी बाजू बारालाच कोसळली तर ओढत बसू नका, तिथेच माघार जाहीर करा, पाठलाग दोन टर्नमध्ये संपवा आणि त्या खेळाडूंना दुसऱ्या टेबलावर कुमक म्हणून पाठवा.

अंपायरने सैन्य घ्यायचं नाही

एक जण आला नाही की सगळ्यात आधी मोह होतो तो 'मीच मार्शल नेचं कोअर चालवतो' असं म्हणायचा. नको, अजिबात नको. ज्याला दोन्हीकडची गुपितं माहीत आहेत त्याने कितीही प्रामाणिकपणे खेळलं तरी समोरच्याला ते खुपतंच, आणि शिवाय तुमचा टर्न चालू असताना बाकी दोन टेबलं तुमची वाट बघत उभी राहतात. न आलेल्याच्या पलटणी शेजारच्या दोघांत वाटून टाका. या खेळाचा पूर्वज म्हणजे प्रशियन क्रीगश्पील, म्हणजे 'युद्धखेळ', १८२४ मध्ये त्याला प्रशियाच्या सैन्यात मान्यता मिळाली, आणि त्यात खेळाच्या मध्यभागी अंपायरच होता. त्याची शिफारस करणारा जनरल म्युफलिंग हा १८१५ मध्ये वेलिंग्टनच्या छावणीत प्रशियाचा प्रतिनिधी होता, म्हणजे निरोप वेळेवर न पोचण्याचे हाल त्याने स्वतः पाहिलेले. टेबलामागे एक अंपायर आणि निरोपांसाठी वेगळा एक, एवढं मनुष्यबळ नसेल तर खेळ लहान करा.

निरोप, म्हणजे या सगळ्याचा जीव

टेबलावरून टेबलावर ओरडून बोलायला दिलंत की कॅम्पेन संपली, उरतो तो नुसता मोठा गेम. १६ जूनला कात्र ब्रा आणि लिन्यी अशा दोन ठिकाणी लढाई चालू होती, आणि फ्रेंच जनरल द'एर्लोंचं सुमारे २० हजारांचं कोअर कात्र ब्राकडे निघालेलं असताना लिन्यीकडे वळलं, मग मार्शल नेने परत बोलावलं म्हणून पुन्हा उलटं फिरलं आणि दिवसभर चालून दोन्हीकडे धड लढलंच नाही. हे टेबलावर आपोआप घडतं, फक्त तुम्ही चिठ्ठ्या सक्तीच्या केल्या पाहिजेत. आमच्याकडे खेळायच्या पत्त्याएवढ्या पिवळ्या चिठ्ठ्या असतात, वर टर्नचा आकडा, कुणाकडून, कुणाला, आणि खाली जास्तीत जास्त पंचवीस शब्द. अंपायर ती घेतो, अंतर बघतो, एक, दोन किंवा तीन टर्न खिशात ठेवतो आणि मगच देतो.

एक चिठ्ठी मी जपून ठेवलीय, पेन्सिलने घाईत लिहिलेली, 'डावीकडे सरक आणि गाव घे'. आता लिहिणारा उभा होता टेबलाच्या या बाजूला, वाचणारा त्या बाजूला, आणि टेबलावर गावं तीन. बिचाऱ्याने आपल्या डावीकडचं गाव घेतलं आणि मधे दीड फुटाची फट पडली, त्यातून फ्रेंच क्युरासिये, म्हणजे चिलखती घोडेस्वार, सरळ आत घुसले. म्हणून प्रत्येक गावाला, टेकडीला, पुलाला नावाची पट्टी लावा आणि चिठ्ठीत नाव लिहायला सांगा, डावं-उजवं बंद. आदेशात घाई किती हेही लिहायला शिकवा. लिन्यीच्या आदल्या दिवशी प्रशियन सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ ग्नायझेनाउने ब्यूलोला पाठवलेला आदेश इतका अदबीने लिहिला होता की त्यातली निकड ब्यूलोला कळलीच नाही, आणि तीसेक हजारांचं कोअर लढाईला मुकलं.

प्रत्येक बाजूला एक स्टाफ ऑफिसर द्याच, ज्याच्याकडे सैन्य नाही, फक्त चिठ्ठ्या आणि नोंदवही. नेपोलियनकडे हे काम करणारा, त्याचा कायमचा चीफ ऑफ स्टाफ बर्तिये १ जून १८१५ ला बांबर्गमध्ये वारला, तो या मोहिमेत नव्हताच, आणि ते काम मार्शल सूल्तवर आलं. मला स्वतःला ही भूमिका सेनापतीपेक्षा जास्त आवडते.

टेबलांचं घड्याळ जुळवा. एक टेबल नवव्या टर्नला आणि शेजारचं पाचव्या टर्नला असेल तर इकडून तिकडे निघालेलं घोडदळ कुठल्या वेळेला पोचणार? एक टर्न म्हणजे अर्धा तास धरा, सगळ्यांना एकच घंटा, जे टेबल मागे राहील तिथे न टाकलेले फासे गेले.

जमिनीबद्दल आधीच बोला

टेबलावरची चार झुडपं म्हणजे जंगल की सजावट, ओढा उतरता येतो की नाही, बुडालेला रस्ता आडोसा देतो का, हे सगळं खेळाआधी ठरलं नाही तर पहिल्या चार्जलाच वाद पेटतो. वाद झालाच तर दोन मिनिटं ऐकायचं, मग एक फासा, चारच्या वर आक्रमण करणाऱ्याचं बरोबर, विषय संपला. पण सगळंच आधी सांगून टाकायचं असंही नाही. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या भोकरदनजवळच्या असईला वाटाड्यांनी नदीला उतार नाही म्हणून सांगितलं होतं, आणि याच वेलिंग्टनने, तेव्हाच्या आर्थर वेलस्लीने, काठावर समोरासमोर दोन गावं बघितली आणि इथे उतार असणारच म्हणून फौज तिकडून घातली. एखादा उतार, एखादी दलदल फक्त अंपायरच्या नकाशात ठेवा, आणि जो टेहळणीला घोडदळ पाठवेल त्यालाच ती कळू द्या.

टेबल सहा फुटांपेक्षा रुंद करू नका, मधे हात पोचत नाही आणि मग कोणीतरी पोटावर ओणवा होतो आणि लान्सर्सचे भाले वाकतात. लांबी हवी तेवढी वाढवा. दोन टेबलांत दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी राहतील एवढी जागा सोडा.

आणि फिगर्स. अठ्ठावीस मिलिमीटरची एक पलटण रंगवायला लोकांचे कित्येक आठवडे गेलेले असतात, म्हणून उचलताना बेस धरून, कधीही शिपायाच्या डोक्याला धरून नाही, आणि चहाचा कप टेबलावर ठेवायचा नाही, त्यासाठी कडेला वेगळं स्टूल. चार जणांचे फ्रेंच एका टेबलावर आले की संध्याकाळी कुणाचे कुठले हे ओळखू येत नाही, त्यामुळे बेसच्या खाली प्रत्येकाच्या रंगाचा टिकला आधीच चिकटवा.

शेवटचा टर्न चारला थांबवायचा, लढाई कितीही रंगात आली तरी. आवरायच्या आधी दहा मिनिटं काढून सगळ्या पिवळ्या चिठ्ठ्या टर्नप्रमाणे लावून मोठ्याने वाचतो. गेल्या वेळी ब्लूखर झालेल्या खेळाडूने सातव्या टर्नला कुमक मागितली होती, ती चिठ्ठी वेलिंग्टनकडे दहाव्या टर्नला पोचली होती, आणि वेलिंग्टनची 'तुमची मदत हवी' ही चिठ्ठी त्याच वेळी रस्त्यात होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि हॉलची किल्ली द्यायची वेळ झाली तरी कुणी खुर्चीवरून उठेना.