ग्लासवर लाइट मारू नका

परवा कोल्हापुरात, राजारामपुरीत एका पोरानं विचारलं, "दादा, ग्लास शूट करायला दोन लाइट घेऊ की तीन?" मी म्हटलं, आधी काळं कार्डशीट घे. त्याला वाटलं मी टाळतोय. तीन वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटलं असतं.

लग्नाच्या फोटोंच्या कामातून मी प्रॉडक्ट फोटोग्राफीकडे वळलो आणि पहिलंच मोठं काम मिळालं ते एका हॉटेलच्या मेन्यूचं. चौदा पेयं. एक्स्पोजर, सिंक स्पीड (फ्लॅशशी जुळणारा शटरचा वेग), मॅन्युअल मोड हे तुम्हाला येतंय असं धरून चालतो, मलाही येत होतं. एफ ११, आयएसओ १००, १/१६०, सगळं बरोबर. मागं १२० सेंटीमीटरचा ऑक्टाबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी पांढऱ्या पडद्याची आठकोनी पेटी, लावला, पुढं दीड फुटावर ग्लास. पांढरीशुभ्र बॅकग्राउंड. मी खूश. मालकांनी फोटो बघितला आणि विचारलं, "ग्लास कुठं गेला ओ?"

खरंच गेला होता. कोकम सरबताचा लाल रंग हवेत उभा, भोवती काचच नाही. मग मी केलं ते सगळं चुकीचंच. समोरून आणखी एक लाइट टाकला, तर काचेवर पांढरा चौकोन चिकटला आणि पुसलेल्या फडक्याचा धागान् धागा दिसायला लागला. शेवटी दोन रात्री जागून चौदा ग्लासांच्या कडा फोटोशॉपमध्ये पेन टूलनं काढल्या. त्या काढलेल्या दिसतही होत्या.

चूक कुठं होती ते हुपरीच्या चांदीचे कॅटलॉग करणाऱ्या एका काकांनी सांगितलं. "चांदी काय, काच काय, दोन्ही आरसेच. आरशावर बॅटरी मारून आरसा दिसतोय व्हय?"

हे नीट समजून घ्या, बाकी काही नाही कळलं तरी चालेल. काचेला स्वतःचं रूप नसतं. मधोमध ती सरळ मागचं दाखवते. कडेला, जिथं काच वळते, तिथं ती बाजूचं ओढून आणते. तुमच्या फ्रेमच्या बाहेर जे आहे, ते कडेत येऊन बसतं. माझा ऑक्टाबॉक्स फ्रेमच्या कितीतरी बाहेर पसरला होता. म्हणजे मागं पांढरं, कडेलाही पांढरं. मग ग्लास दिसणार कशानं?

उपाय असा. कॅमेरा स्टँडवर पक्का करा, फ्रेम ठरवा. ऑक्टाबॉक्सवर काळी कार्डशीटं चिकटवून फ्रेमपुरतीच खिडकी उघडी ठेवा, वीतभरही जास्त नको. कडा लगेच काळ्या, पेन्सिलीनं ओढल्यासारख्या उठतात. कार्डशीट नसेल तर ग्लास लाइटपासून लांब ओढा, कॅमेराही तेवढाच मागं घ्या. फ्रेम जेमतेम भरेल इतकंच पांढरं उरलं की तोच परिणाम मिळतो. "क्रॉप नंतर करू" म्हणून मोकळी फ्रेम ठेवलीत तर खिडकीही मोठी ठेवावी लागते आणि कडा पातळ होतात. क्रॉप आधीच ठरवा. काळी बॅकग्राउंड हवी असेल तर उलटं करा: ऑक्टाबॉक्सच्या मधोमध फ्रेमपेक्षा थोडं मोठं काळं कार्ड लावा, चारी बाजूंनी उजेड बाहेर डोकावू दे. कडा पांढऱ्या पेटतात.

पण काळ्यावर कोकम सरबत डांबरासारखं दिसतं, कारण त्याच्या मागं आता उजेडच नाही. केकच्या खाली येतो तो चंदेरी पुठ्ठा ग्लासच्या आकारात, थोडा लहान कापा, ग्लासमागं तिरका उभा करा, वरून एक लाइट त्याच्यावर टाका. पेय आतून उजळतं. भरलेला गोल ग्लास भिंगासारखा वागतो, डावं उजवीकडे दिसतं. पुठ्ठा सरकवताना याच्यापायी माझा अर्धा तास गेलाय. सरबतात पाणी वाढवायलाही लाजू नका. प्यायला जे बरोबर, ते कॅमेऱ्याला बहुतेक वेळा दाटच असतं.

सोलकढीला यातलं काहीच लागू नाही. तिच्यातून उजेड आरपार जात नाही, म्हणून बाजूनं मऊ लाइट द्या. उसाचा रस सगळ्यात दगाबाज. बघता बघता काळवंडतो. लिंबू पिळलं की थोडा दम धरतो. सेटिंग पाण्याच्या ग्लासवर करून घ्या आणि रस शेवटी आणा. ग्लास मात्र शेवटच्या हाताला डिस्टिल्ड वॉटरनं धुवा, नळाच्या पाण्याचे पांढरे ठिपके वाळल्यावरच दिसतात. बाहेरचे थेंब ग्लिसरीन आणि पाणी निम्मं निम्मं करून फवारा, खरे थेंब दहा मिनिटांत ओघळतात.

एक कडू गोष्ट. प्रीसेट, म्हणजे फोटो एडिट करायच्या तयार सेटिंग, विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. नसलेली कड कुठलाही प्रीसेट आणून देत नाही. फुकट असिस्ट करायला ठेवणाऱ्याकडं दोन महिन्यांवर राहू नका. तो शिकवत नसतो, स्टँड उचलून घेत असतो. काकांनी मला एकूण पंधरा मिनिटं दिली असतील. आणि महागडा लाइट नाही म्हणून रडू नका. सिनेमा काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा स्वतः बनवला होता, आपल्याला पुठ्ठा कापायचाय.

पहिले महिनाभर सगळे ग्लास घाणेरडेच दिसतील. माझेही दिसत होते, आजही सकाळचे पहिले चार-पाच तसेच येतात. त्यात काही बिघडलेलं नसतं. खाली वाका, डोळा लेन्सच्या जागी न्या आणि कडेत काय दिसतंय ते बघा. बहुतेक वेळा तुमचाच पांढरा शर्ट असतो.

त्या हॉटेलचे चौदाही फोटो मी नंतर फुकटात परत काढून दिले. मालक काही बोलले नाहीत, फक्त कोकम सरबताचा फोटो काउंटरवर मोठा करून लावला. पुढच्या कामाचा अ‍ॅडव्हान्स त्यांनी त्याच दिवशी दिला, तोही मी मागितला म्हणून.